हिरव्या पानाची चांदी : 'हरित' नॅनोकणांच्या दाव्यांची उलटतपासणी

कुंडल-पलूस भागातील विज्ञान शिक्षकांकडून आमच्याकडे अलीकडे एकाच प्रयोगाबद्दल पुन्हा पुन्हा विचारणा होते. कृती सोपी आहे. एखाद्या झाडाची पाने धुऊन, चिरून पाण्यात उकळायची, काढा गाळून घ्यायचा आणि तो सिल्व्हर नायट्रेटच्या विरल द्रावणात मिसळायचा. काही वेळाने द्रावण पिवळे आणि मग तांबूस तपकिरी होते. चांदीचे नॅनोकण, म्हणजे मीटरच्या अब्जांश भागात मोजावे लागणारे कण, तयार झाले असे समजायचे. कोणतेही घातक रसायन वापरले नाही, म्हणून ही पद्धत 'हरित'. या कणांनी जंतू मरतात, कर्करोगाच्या पेशी मरतात, सांडपाण्यातील रंग नाहीसा होतो, असे निष्कर्षही कृतीसोबत तयार मिळतात. शिक्षक विचारतात, आमच्याकडे द्राक्षाची पाने भरपूर आहेत, उसाचे पाचट आहे, शेवगा आहे. त्यावर करून पाहू का?

जरूर पाहावे. मात्र ज्या शोधनिबंधांवरून ही कृती शाळेपर्यंत उतरते, ते निबंध आधी नीट वाचायला हवेत. अशा निबंधांची आता एक जातच तयार झाली आहे. झाडाचे नाव बदलते, बाकीचा मजकूर बहुतेक तोच राहतो. या लेखात आम्ही कोणा एका निबंधावर नव्हे, तर या जातीवर टीका करणार आहोत. आणि ती बारावीच्या रसायनशास्त्राच्या पुस्तकाबाहेर फारसे न जाता करता येते.

या कामाची महत्त्वाची पाळेमुळे आपल्याच राज्यात आहेत, हे आधी सांगितले पाहिजे. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत मुरली शास्त्री आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये बुरशीच्या साहाय्याने चांदीचे कण मिळवल्याचे प्रसिद्ध केले. २००३ मध्ये त्यांनी जिरॅनियमची पाने वापरली. २००४ मध्ये 'नेचर मटेरियल्स' या नियतकालिकात त्यांचा जो निबंध आला, त्यात गवती चहाचा काढा आणि सोन्याच्या क्षाराचे द्रावण यांच्यापासून सोन्याचे पातळ, त्रिकोणी कण मिळाले होते.

या निबंधाचे मोल कशात होते? काढ्याने सोने क्षपित होते, एवढ्यात नव्हते. सोन्याचा क्षार क्षपित करणे अवघड नाही. मायकेल फॅरडेने १८५७ मध्येच सोन्याचे माणकासारखे लाल कलिल करून दाखवले होते. नवी गोष्ट होती ती आकार. गोल कणांचे कलिल लाल दिसते, तर हे चपटे त्रिकोण दृश्य प्रकाशाच्या पलीकडचे, लगतच्या अवरक्त पट्ट्यातील किरण शोषतात. असे किरण शोषून तापणारे कण कर्करोगाच्या गाठी जाळायला उपयोगी पडू शकतील, अशी ती दिशा होती. त्रिकोणच का तयार होतात, याचाही विचार लेखकांनी केला: आधी द्रवासारखे वागणारे छोटे गोल कण बनतात आणि मग ते साध्या तापमानाला एकमेकांत मिसळून पत्रे होतात, असे त्यांचे निरीक्षण होते. गवती चहा हे तिथे साधन होते. प्रश्न आकाराचा होता.

पुढे जे झाले त्यात साधन राहिले आणि प्रश्न गळाला. कडुनिंब झाला, आवळा झाला, कोरफड झाली. मग तुळस, पेरू, सीताफळ, गाजरगवतसुद्धा. प्रत्येक झाडागणिक निबंध, आणि प्रत्येक निबंधात 'या वनस्पतीपासून प्रथमच' हे शब्द. एखाद्या विद्यार्थ्याने मिठाच्या द्रावणाचा प्रयोग आधी काचेच्या, मग स्टीलच्या, मग पितळेच्या भांड्यात करून दर वेळी नवा शोध म्हणून वहीत लिहिला, तर आपण त्याला काय म्हणू?

याचा सगळा दोष ग्रामीण महाविद्यालयातल्या प्राध्यापकाला देणे सोपे आहे, पण ते न्याय्य नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१० मध्ये प्राध्यापकांच्या बढतीसाठी गुणांकांची पद्धत आणली आणि छापलेल्या निबंधांचे गुण मोजले जाऊ लागले. ज्याच्याकडे मोठी उपकरणे नाहीत, अनुदान नाही, त्याला दोन दिवसांत रंग बदलून दाखवणारा हा प्रयोग हाताशी आला. त्याने तो केला नसता तरच नवल. आमचे म्हणणे एवढेच की, गुणांकासाठी लिहिलेला मजकूर विद्यार्थ्याच्या हाती विज्ञान म्हणून देताना तो पारखून घ्यावा लागतो.

पहिली पारख 'हरित' या शब्दाचीच करू. पॉल अ‍ॅनस्टस आणि जॉन वॉर्नर यांनी १९९८ मध्ये हरित रसायनाची बारा तत्त्वे मांडली. त्यांतले पहिले तत्त्व असे की, कचरा निस्तरण्यापेक्षा तो होऊच न देणे बरे. पुनर्निर्मित होणारा कच्चा माल वापरावा, हे तत्त्व सातवे आहे. आपले निबंध सातव्यावर बोट ठेवतात आणि पहिल्याला वळसा घालतात.

हिशेब साधा आहे. नेहमीच्या कृतीत १ मिलिमोलर सिल्व्हर नायट्रेट घेतात, म्हणजे लिटरला सुमारे १०८ मिलिग्रॅम चांदी. नऊ भाग हे द्रावण आणि एक भाग काढा. १ ग्रॅम चांदीचे कण हवे असतील, तर सगळी चांदी क्षपित झाली असे धरूनही सव्वानऊ लिटरच्या वर द्रावण लागते. त्यासाठी एक लिटर काढा, त्या काढ्यासाठी १०० ग्रॅम पाने, आणि ती उकळायला इंधन. मग कण वेगळे करायला सेंट्रिफ्यूज, धुवायला ऊर्ध्वपातित पाणी आणि पुष्कळदा अल्कोहोल. शिवाय ज्या सिल्व्हर नायट्रेटपासून सुरुवात केली, ते चांदी नायट्रिक आम्लात विरघळवून करतात. त्या वेळी निघणारा तपकिरी वायू आपण वर्गात दाखवतो आणि मुलांना मागे उभे करतो. हा सगळा भाग हिशेबाबाहेर ठेवून शेवटच्या चमचाभर काढ्यावरून पद्धतीचे नाव ठेवले जाते.

आणि तुलना कोणाशी? निबंधाच्या पहिल्याच परिच्छेदात हायड्रॅझीन आणि सोडियम बोरोहायड्राइड या घातक क्षपणकांची भीती दाखवलेली असते. पण सोन्याच्या कणांची सर्वात प्रसिद्ध 'रासायनिक' पद्धत १९५१ मध्ये टर्केविच, स्टीव्हन्सन आणि हिलियर यांनी तपशिलाने अभ्यासली, तिच्यात क्षपणक आहे सोडियम सायट्रेट, म्हणजे लिंबातील आम्लाचा क्षार. द्रावक पाणी. तापमान पाणी उकळण्याचे. चांदीसाठीही सायट्रेटची हीच युक्ती ली आणि माइसेल यांनी १९८२ मध्ये वापरली. लिंबू पिळून केलेले ते रासायनिक आणि पाला उकळून केलेले ते हरित, ही विभागणी आम्हाला उमगलेली नाही. सायट्रेटच्या पद्धतीत निदान काय घातले आणि किती घातले हे माहीत असते.

आता द्राक्षाच्या पानाकडे वळू. आपल्या भागातील बागेत एप्रिलमध्ये खरड छाटणी होते आणि ऑक्टोबरमध्ये फळछाटणी. दोन्ही वेळची पाने वेगळी. कोवळे पान आणि जून पान यांतील टॅनिन, शर्करा, आम्ले वेगवेगळ्या प्रमाणात. त्यावर मोरचूद आणि चुना यांच्या बोर्डो मिश्रणाचे फवारे, शिवाय इतर औषधे. ते सगळे काढ्यात उतरते. 'द्राक्षाच्या पानांचा काढा १० मिलिलिटर' असे लिहिल्याने नक्की काय घेतले ते कळत नाही. पुढच्या वर्षी दुसऱ्या बागेतले पान घेतले आणि कण निराळ्या मापाचे निघाले, तर चूक कोणाची म्हणायची? औषध म्हणून जो पदार्थ माणसाला द्यायचा असतो, त्याची प्रत्येक खेप सारखी असावी लागते. काढ्यात ती अट पाळणे मुळातच कठीण आहे, आणि बहुसंख्य निबंधांत त्याचा उल्लेखही नसतो.

कृष्णाकाठच्या पलूस-वाळवा भागात पाणी लागून क्षारपड झालेल्या जमिनी आपण रोज पाहतो. अशा मातीतील झाडांच्या पानांत क्लोराइड जास्त असू शकते; विंधन विहिरीच्या पाण्यात तर ते असतेच. सिल्व्हर नायट्रेट आणि क्लोराइड एकत्र आले की काय होते, हे नववीचा विद्यार्थीही सांगेल. पांढरा अवक्षेप पडतो आणि उजेडात तो काळवंडतो. हा 'रंगबदल' नॅनोकणांचा म्हणून खपवला जाऊ शकतो. छापील निबंधांतही हे घडते. चांदीच्या क्ष-किरण विवर्तनाच्या आलेखात ३८, ४४, ६४ आणि ७७ अंशांच्या आसपास शिखरे येतात. पण अनेक आलेखांत ३२ अंशांजवळ आणखी एक ठसठशीत शिखर असते. ते चांदीचे नाही. सिल्व्हर क्लोराइडचे शिखर तिथे येते. निबंधात मात्र त्यावर एक चांदणी काढून 'वनस्पतीतील सेंद्रिय पदार्थांचे' असे लिहून मोकळे होतात.

चांदी आणि सोने यांच्या बाबतीत निदान क्षपण खरोखर होते. त्यांचे आयन इलेक्ट्रॉन घ्यायला उत्सुक असतात. चांदीचा प्रमाण विभव +०.८० व्होल्ट आहे. इतर धातूंकडे वळल्यावर गोंधळ अधिक वाढतो. जस्ताच्या ऑक्साइडचे नॅनोकण काढ्याने केल्याचे निबंध मुबलक आहेत आणि त्यांत 'काढ्यातील फ्लॅव्होनॉइडांनी जस्ताचे क्षपण केले' असे वाक्य येते. झिंक नायट्रेटमध्ये जस्त +२ अवस्थेत आहे, झिंक ऑक्साइडमध्येही +२. मग क्षपण कशाचे झाले? त्यानंतर हे मिश्रण मफल भट्टीत ४०० ते ५०० अंश सेल्सिअसला भाजतात. पान जळून जाते, मागे झिंक ऑक्साइड राहते. शेतात पाला पेटवल्यावर राख उरते, तिला आपण हरित म्हणत नाही.

लोखंडाची गोष्ट तर अधिक रंजक आहे. चहाच्या किंवा निलगिरीच्या काढ्यात लोहाचा क्षार घातला की द्रावण क्षणात काळे होते. २००९ च्या सुमारास अशा काळ्या पदार्थाला 'शून्य संयुजेचे लोह', म्हणजे धातुरूप लोखंडाचे नॅनोकण, म्हणण्याची प्रथा पडली आणि दूषित भूजल शुद्ध करण्याच्या योजना त्यावर रचल्या गेल्या. पण लोहाचा प्रमाण विभव −०.४४ व्होल्ट आहे. चहातील पॉलिफेनॉलांना पाण्यात, साध्या तापमानाला लोहाच्या आयनापासून धातू काढता येईल, अशी अपेक्षा विद्युतरासायनिक श्रेणी पाहून कोणी करणार नाही. शेजारच्या किर्लोस्करवाडीत १९१० पासून लोखंडाचे काम चालत आले आहे. लोखंड चहाने मिळत असते, तर जगातल्या झोतभट्ट्यांना कोकची गरज लागली नसती. मग तो काळा पदार्थ कोणता? आपल्या आजोबा-पणजोबांना तो ठाऊक होता. हिरडा किंवा बाभळीच्या शेंगा उकळून त्यात हिराकस घातले की शाई होते. लोह आणि टॅनिन यांचे ते संयुग. पुढे काळजीपूर्वक तपासण्या झाल्या तेव्हा निलगिरीच्या काढ्यातील कणही लोह-पॉलिफेनॉल संयुगांचेच निघाले. त्यांचा काही उपयोग असेलही. पण ते धातुरूप लोखंड नव्हे.

पर्यावरणाच्या उपयोगाचा दावा करताना निबंध मेथिलीन ब्लू किंवा पॅरा-नायट्रोफेनॉल घेतात. आपल्याकडील निबंध असेल तर प्रस्तावनेत इचलकरंजीच्या रंगकामाचे सांडपाणी आणि पंचगंगेचे प्रदूषण येते. प्रदूषण खरे आहे. पण परीक्षानळीत काय केले ते पाहा. रंगाच्या द्रावणात चांदीचे कण टाकतात आणि सोबत भरपूर सोडियम बोरोहायड्राइड घालतात. कण बनवताना ज्या रसायनाला घातक म्हणून हाकलले, तेच कणांची परीक्षा घेताना मागच्या दाराने आत आले! क्षपण बोरोहायड्राइड करते, चांदी ते लवकर घडवते. ही उत्प्रेरकाची चाचणी म्हणून ठीक आहे. तिला 'सांडपाण्याचे शुद्धीकरण' म्हणणे ठीक नाही.

शिवाय मेथिलीन ब्लूचा रंग गेला म्हणजे रेणू नष्ट झाला असे नव्हे. 'निळी बाटली' हा प्रयोग आपल्यापैकी अनेकांनी केला असेल: ग्लुकोज, सोडियम हायड्रॉक्साइड आणि मेथिलीन ब्लू. बाटली ठेवून दिली की रंग जातो, हलवली की हवेतील ऑक्सिजनने परत येतो. क्षपित झालेला रेणू रंगहीन असतो, पण असतो. निबंधात रंग गेल्याचा आलेख छापतात, बाटली हलवून पाहत नाहीत. आणि सुती कापडाच्या रंगाईत मुख्यतः वेगळ्या जातीचे रंग वापरतात. त्या नळीतून इचलकरंजीच्या नाल्यापर्यंतचे अंतर फार मोठे आहे.

वैद्यकीय दाव्यांबाबत आम्हाला अधिक काळजी वाटते, कारण तिथे गाठ माणसाच्या शरीराशी आहे. चांदी जंतू मारते, ही बातमी नाही. नवजात बालकांच्या डोळ्यांत क्रेडे यांनी एकोणिसाव्या शतकातच सिल्व्हर नायट्रेटचे थेंब घातले. भाजलेल्या जखमांवर सिल्व्हर सल्फाडायझिन १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून वापरात आहे. प्रश्न असा की, नळीतले जंतू कणांनी मारले की मागे उरलेल्या चांदीच्या आयनांनी? अमेरिकेतील राइस विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१२ मध्ये ऑक्सिजन पूर्णपणे वगळून प्रयोग केले. तिथे कणांपासून आयन सुटू शकत नव्हते आणि कणांचा जंतूंवर परिणाम दिसला नाही. म्हणजे मारेकरी आयन. मग काढ्याच्या कणांची चाचणी घेताना तेवढीच चांदी असलेले सिल्व्हर नायट्रेट शेजारी ठेवायला हवे आणि नुसता काढाही ठेवायला हवा. पुष्कळ निबंधांत यांपैकी एक किंवा दोन्ही नसतात. अगारच्या थाळीवर पडलेल्या मोकळ्या वर्तुळाचे मिलिमीटर मोजून प्रतिजैविकाशी तुलना होते. वर्तुळाचा व्यास पदार्थ अगारमधून किती सहज पसरतो यावरही ठरतो, हे विसरले जाते.

कर्करोगाच्या पेशींवरील चाचणीतही असेच आहे. जिवंत पेशी एका पिवळ्या रंगद्रव्याचे जांभळ्यात रूपांतर करतात, त्यावरून किती पेशी जगल्या ते मोजतात. पण पॉलिफेनॉलही हे रूपांतर करू शकतात. आणि निरोगी पेशींवर तेच कण टाकले तर काय होते, हे सांगितले नसेल तर त्या निबंधाने फक्त एवढेच सांगितले की चांदीचे विष पेशींना बाधते.

काम चांगले कसे होते, याचे उदाहरण पुन्हा पुण्याचेच आहे. आघारकर संशोधन संस्थेत किशोर पाकणीकर आणि सहकाऱ्यांनी जैविक पदार्थाने स्थिर केलेल्या चांदीच्या कणांचे एक जेल तयार केले आणि २००९ मध्ये त्यावर निबंध लिहिला. त्यांनी बाजारातील सिल्व्हर सल्फाडायझिनशी तुलना केली आणि सुमारे तीस पट कमी चांदीत तेवढाच परिणाम मिळतो असे दाखवले. पेशींना बाधणारी मात्रा मोजली, उंदरांच्या त्वचेवर सुरक्षितता तपासली. कोणते पान वापरले याची फुशारकी त्यात नाही. किती चांदी आणि कशाच्या तुलनेत, हे आहे. तसेच टाटांनी डिसेंबर २००९ मध्ये बाजारात आणलेला 'स्वच्छ' हा पाण्याचा फिल्टर पाहा. भाताच्या तुसाची राख, तिच्यावर चांदीचे नॅनोकण, आणि एका नळकांड्यातून ३००० लिटर पाणी, असा त्यांचा बांधील आकडा होता. तूस हा खरोखरचा कचरा, आणि तो तिथे कामाला लागला.

आता वर्गाकडे. प्रयोग करायचा असेल तर एक नळी पुरेशी नाही. काढा आणि सिल्व्हर नायट्रेट ही पहिली. काढा आणि ऊर्ध्वपातित पाणी ही दुसरी, कारण काढा स्वतःच पिवळट असतो आणि नुसता ठेवूनही गडद होतो. सिल्व्हर नायट्रेट आणि ऊर्ध्वपातित पाणी ही तिसरी. सिल्व्हर नायट्रेट आणि सोडियम सायट्रेट उकळून चौथी. लेझर किरणाची रेघ द्रावणात दिसली म्हणून नॅनोकण सिद्ध होत नाहीत. ती दुसऱ्या नळीतही दिसेल, कारण काढाही कलिलच आहे. हे विद्यार्थ्याने स्वतः पाहिले, तर प्रदर्शनातल्या कोणत्याही तक्त्यापेक्षा ते अधिक शिकवेल.

जखमेवर, त्वचेवर किंवा पिण्यासाठी असे द्रावण कोणी वापरणार नाही, याची खात्री शिक्षकांनी करावी. चांदी दीर्घकाळ पोटात गेली तर त्वचा कायमची निळसर करडी होते. आणि उरलेले द्रावण मोरीत ओतू नये. पिण्याच्या पाण्यात चांदीची मर्यादा भारतीय मानकानुसार लिटरला ०.१ मिलिग्रॅम आहे. आपले मूळ द्रावण तिच्या हजारपट आहे. एका गटाच्या १०० मिलिलिटर द्रावणातील चांदी त्या मर्यादेपर्यंत विरल करायला सुमारे १०० लिटर पाणी लागेल, दहा गटांना हजार लिटर. म्हणून सर्व नळ्या एका गडद रंगाच्या बाटलीत रिकाम्या कराव्यात, त्यात मीठ घालावे, काही दिवस बसू द्यावे. आयनरूपातील चांदी क्लोराइड होऊन तळाशी येते. वरचे पाणी स्वच्छ झालेले नसेल, तर कण अजून तरंगत आहेत असे समजून तेही साठवावे आणि जवळच्या महाविद्यालयाच्या रसायन विभागाकडे द्यावे.

द्राक्षाच्या पानांवर करायचे असेल तर एकाच वेलीची पाने घ्यावीत: खरड छाटणीनंतरची आणि फळछाटणीनंतरची, फवारणीआधीची आणि नंतरची. वजन, पाणी, उकळण्याचा वेळ सगळे सारखे. चारही नळ्या दर वेळी. फवारणीची तारीख आणि औषधाचे नाव शेतकऱ्याच्या वहीतून उतरवून घ्यावे. द्राक्षबागायतदार ती वही नीट ठेवतात.